स्वराज्य : वसुलीच्या वहीपासून काँग्रेसच्या घटनेपर्यंत

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत हिंदुस्थानच्या राजकारणात ‘स्वराज्य’ या शब्दाइतका दुसरा कोणताही शब्द वापरला गेला नाही, आणि इतक्या निरनिराळ्या अर्थांनीही वापरला गेला नाही. साम्राज्यांतर्गत वसाहतीचा दर्जा, आयर्लंडच्या धर्तीवरचे होमरूल, ब्रिटिशांशी संबंध तोडून मिळवलेले पूर्ण स्वातंत्र्य, माणसाचा स्वतःवरचा ताबा, नगरपालिकेचा कारभार हे सगळे अर्थ या एका शब्दाने वाहिले. पुष्कळदा एकाच व्यासपीठावर बसलेली माणसे तो वेगवेगळ्या अर्थांनी उच्चारीत आणि एकमेकांना टाळ्याही देत. याचे एक कारण राजकीय सोय हे होते. दुसरे कारण असे की हा शब्द मराठी, बंगाली, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा भाषांमधून फिरत होता आणि प्रत्येक भाषेत त्याची पूर्वपीठिका वेगळी होती. त्यांतही मराठीत तो कोरा नव्हताच. मराठीत तो दोनशे वर्षे दफ्तरात राबलेला शब्द होता.

मूळ शब्द वैदिक आहे. ऋग्वेदात तो आढळतो, पण तिथे त्याचा रोख राज्यसंस्थेपेक्षा इंद्रादी देवतांच्या स्वयंसत्तेकडे आहे. ‘राज्’ या धातूला शोभणे आणि राज्य करणे असे दोन्ही अर्थ असल्यामुळे ‘स्वराज्’ म्हणजे स्वतःच्या तेजाने झळकणारा आणि स्वतःच स्वतःचा स्वामी असलेला, असे दुहेरी सूचन त्यात आले. उपनिषदांत ‘स्वाराज्य’ हा शब्द आत्मज्ञानाने मिळणाऱ्या स्थितीसाठी येतो. ऐतरेय ब्राह्मणातल्या ऐंद्र महाभिषेकाच्या प्रकरणात मात्र तो उघडउघड राज्यप्रकाराचे नाव आहे. तिथे पूर्वेच्या राजांना साम्राज्य, दक्षिणेकडच्यांना भौज्य, पश्चिमेकडच्यांना स्वाराज्य आणि उत्तरेकडच्यांना वैराज्य अशी वाटणी केलेली आहे. या यादीतल्या शब्दांचा नेमका भेद काय, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. काशीप्रसाद जयस्वालांनी त्यांत वेगवेगळ्या राज्यघटना पाहिल्या, इतरांना ती निव्वळ गौरवाची नामावळी वाटली. हीच यादी मंत्रपुष्पांजलीत आहे आणि गणपतीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांतून ती खड्या आवाजात म्हटली जाते. म्हणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांचे त्यातल्या राज्यशास्त्राकडे लक्ष असते.

सतराव्या शतकात शब्द जमिनीवर उतरला. शिवाजी महाराजांच्या नावाशी ‘हिंदवी स्वराज्य’ ही जोडी आज घट्ट बसलेली आहे. तिचा आधार मुख्यतः रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरस प्रभू देशपांडे यांना १६४५ साली लिहिलेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पत्राचा आहे, आणि त्या पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत. अठराव्या शतकातल्या कागदांत हा शब्द निर्विवादपणे आणि वारंवार सापडतो. मात्र तिथे त्याचा सूर वेगळाच आहे.

१७१८ साली दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली आणि शाहू छत्रपती यांच्यात तह ठरला. बादशहा फर्रुखसियरने तो मान्य केला नाही, तेव्हा पेशवा बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन सय्यदासोबत दिल्लीला गेला. फर्रुखसियर पदच्युत झाला आणि मार्च १७१९ मध्ये नव्या बादशहाच्या, रफी-उद्-दरजातच्या नावाने सनदा निघाल्या. त्या तीन बाबींच्या होत्या : चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य. चौथाई आणि सरदेशमुखी हे दख्खनच्या सहा सुभ्यांतून वसूल करायचे हक्क होते. स्वराज्य म्हणजे शिवाजी महाराजांच्या मृत्यूसमयी त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख, खानदेशातला भाग वगळून. त्यात पुणे, सुपे, इंदापूर, वाई, सातारा, कराड, जुन्नर असे परगणे, कोकणपट्टी आणि दक्षिणेतला काही प्रदेश मोडत होता. त्याबद्दल छत्रपतींनी बादशहाला वर्षाला १० लाख रुपये पेशकश द्यायची होती. स्वतःचे राज्य दुसऱ्याच्या सनदेने मिळवणे आज विसंगत वाटते. त्या काळच्या राजनीतीला त्यात काही वावगे दिसत नव्हते. सार्वभौमत्व एकाचे, वसूल दुसऱ्याचा आणि वतन तिसऱ्याचे, अशी थरांची व्यवस्था सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. १९१६ साली टिळक बादशहा कायम ठेवून स्वराज्य मागतील, तेव्हा त्यांना ही जुनी मांडणी परकी वाटण्याचे कारण नव्हते.

यानंतर पेशवाईच्या दफ्तरात ‘स्वराज्य’ हे प्रदेशाचे आणि वसुलाच्या हिश्शाचे नाव झाले. त्याचा जोडीदार शब्द ‘मोगलाई’. सरहद्दीवरच्या गावांत उत्पन्नाचा एक वाटा मराठ्यांकडे आणि दुसरा निजामाकडे जाई. पहिला ‘स्वराज्य’ आणि दुसरा ‘मोगलाई’ म्हणून वहीत मांडला जाई. इनामाच्या सनदेत ‘स्वराज्य व मोगलाई दुतर्फा’ असे लिहिले की दोन्ही वाट्यांवरचा हक्क मिळाला असे समजायचे. वाटण्या पुढेही होत : छत्रपतींची २५ टक्के राजबाबती, बाकीचा मोकासा, मोकाशातून सचिवाचा सहा टक्के साहोत्रा आणि तीन टक्के नाडगौडा. कुलकर्ण्याला स्वराज्य शब्दातून देशभक्ती आठवत नव्हती, खतावणीतला रकाना आठवत होता. पुढे दोन्ही शब्दांची गती उलट्या दिशांना झाली. ‘मोगलाई’ बोलीत बेबंद कारभारासाठी उरला (“इथे काय मोगलाई लागली आहे?” असे आजही रागाने विचारतात) आणि ‘स्वराज्य’ वर चढत गेला.

१८१८ साली पेशवाई बुडाली. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे आला तो चौथाई-सरदेशमुखीच्या पंक्तीतली महसुली संज्ञा म्हणूनच. त्यानंतरची काही दशके ज्यांना राजकीय मागणी मांडायची होती, त्यांना हा शब्द फारसा कामाचा वाटला नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मधल्या पत्रांतून हिंदुस्थानात पार्लमेंट मागायला हवे असे लिहिले, तेव्हा त्यांनी पार्लमेंट हाच शब्द वापरला. जुन्या राज्याचे नाव नव्या संस्थेला द्यावे असे त्यांना वाटले नसणार; गेलेल्या राज्याविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते.

शब्दाला नवे आयुष्य मिळाले ते सरकारी भाषांतरातून, आणि ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या सरकारने नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांत लोकनियुक्त सभासद आणण्याचा ठराव केला. इंग्रजीत त्याला ‘लोकल सेल्फ-गव्हर्न्मेंट’ म्हटले गेले. मराठीत त्याचे ‘स्थानिक स्वराज्य’ झाले. गटारे, दिवाबत्ती, शाळा आणि दवाखाने यांच्या कारभाराला इतके भारदस्त नाव मिळाले, कारण ‘सेल्फ’ला ‘स्व’ आणि ‘गव्हर्न्मेंट’ला ‘राज्य’ अशी सरळ जोड भाषांतरकारांना सापडली. बंगालीत याच कल्पनेसाठी ‘स्वायत्तशासन’ रूढ झाले, हिंदीत ‘स्थानीय स्वशासन’. या दोन्ही शब्दांत शासन आहे, राज्य नाही. मराठी वाचकाच्या मनात मात्र ‘सेल्फ-गव्हर्न्मेंट’ आणि ‘स्वराज्य’ यांची गाठ १८८० च्या दशकातच बसली, आणि तीही सरकारच्या हाताने. नगरपालिकेपुरते जे स्वराज्य सरकारनेच कबूल केले, ते प्रांताला आणि देशाला का नको, हा प्रश्न मराठीत केवळ विशेषण गाळून विचारता येत होता.

बंगालात शब्द पोचला तो एका मराठी माणसाबरोबर. सखाराम गणेश देऊस्कर यांचे घराणे मराठी, पण जन्म आणि वाढ देवघरच्या परिसरातली. लेखन बंगालीत आणि व्यवसाय पत्रकारितेचा. ‘हितवादी’ या बंगाली पत्राचे ते संपादक होते. १९०४ साली त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक निघाले. ब्रिटिश अमदानीत देशाचे आर्थिक शोषण कसे झाले याची आकडेवारीनिशी मांडणी त्यात होती आणि स्वदेशीच्या चळवळीत ते घरोघर वाचले गेले; १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. देऊस्करांनी बंगाल्यांना शिवाजीची ओळख करून देण्यासाठीही लिहिले. बंगालच्या राजकारणात स्वराज हा शब्द त्यांनी आणला असे श्रेय पुढे अरविंद घोष यांनी त्यांना दिले. जून १९०६ मध्ये कलकत्त्यात शिवाजी उत्सव झाला, त्याला टिळक, खापर्डे आणि मुंजे गेले होते. म्हणजे हा शब्द बंगालात गेला तेव्हा त्याच्याबरोबर शिवाजीही गेला. मागे राहिले ते दफ्तर आणि मोकासा. मराठीत ज्या शब्दाला साहोत्र्याचा वास होता, तो बंगालीत निव्वळ तेजस्वी शब्द म्हणून अवतरला. त्याचे रूपही बदलले. अखेरचा ‘य’ गळून ‘स्वराज’ झाले. हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत हेच आटोपशीर रूप चालले, मराठीने मात्र ‘राज्य’ सोडले नाही.

डिसेंबर १९०६ मध्ये कलकत्त्यालाच काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष दादाभाई नवरोजी. वय ८१, आवाज क्षीण. त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. त्यात ‘सेल्फ-गव्हर्न्मेंट’ आणि ‘स्वराज’ हे शब्द ‘किंवा’ने जोडलेले होते आणि नमुना म्हणून ग्रेट ब्रिटन अथवा वसाहती यांचा उल्लेख होता. काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून या शब्दाला मान्यता मिळाली ती अशी, इंग्रजी वाक्यातला समानार्थी शब्द म्हणून. अधिवेशनाच्या प्रत्यक्ष ठरावात मात्र स्वराज नव्हते. स्वयंशासित ब्रिटिश वसाहतींतली राज्यपद्धती हिंदुस्थानला लागू करावी, अशी भाषा होती. ‘किंवा’च्या डावीकडे बोट ठेवून मवाळ म्हणू शकत होते की दादाभाईंनी कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा दर्जा मागितला, आणि उजवीकडे बोट ठेवून जहाल म्हणू शकत होते की पितामहांनी स्वराज्याचा उच्चार केला. दोघांनीही तसे म्हटले. वर्षभराने सुरतेला काँग्रेस फुटली, त्या भांडणात कलकत्त्याच्या ठरावांचे शब्द सौम्य केले जात आहेत हा जहालांचा एक मुख्य आक्षेप होता. जोडे फेकले गेल्याचे सगळ्यांना आठवते. मसुद्यातल्या शब्दांवरून वाद होता हे कमी आठवते.

बंगालच्या जहालांनी अर्थ आणखी ताणला. अरविंदांच्या ‘बंदे मातरम्’ पत्राने आणि १९०७ साली मद्रासला गेलेल्या बिपिनचंद्र पाल यांच्या व्याख्यानांनी स्वराजचा अर्थ ब्रिटिशांच्या नियंत्रणापासून पूर्ण मोकळीक असा लावला. त्याच वर्षी अलाहाबादेत ‘स्वराज्य’ नावाचे उर्दू साप्ताहिक निघाले. अस्सल संस्कृत नाव, लिपी फारसी. एकामागून एक त्याचे संपादक तुरुंगात गेले आणि १९१० च्या प्रेस कायद्याने ते बंद पडले. उर्दूत ‘खुदमुख्तारी’ आणि ‘आझादी’ हे शब्द असतानाही हे नाव घेतले गेले, यावरून शब्दाची कीर्ती किती झपाट्याने पसरली होती ते कळते.

आता प्रश्न कोर्टापुढे आला. स्वराज्य मागणे हा राजद्रोह आहे काय? कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०७ मध्ये एका प्रकरणात निवाडा दिला की या शब्दाचा अर्थ विद्यमान सरकार नाहीसे करून चालवलेले राज्य असाच होतो असे नाही; सरकारच्या छत्राखालचे होमरूल हा त्याचा प्रचलित अर्थ आहे. जहालांना हा निर्णय सोयीचा होता आणि एका परीने गैरसोयीचाही. शब्द उच्चारण्याची मोकळीक मिळाली, पण त्या बदल्यात न्यायालयाने त्याचा अर्थ लहान करून दिला. इंग्रजी भाषांतराची ही करामत पुढे पुन्हा पुन्हा दिसते. शब्द देशी भाषेत मोकळा असतो, इंग्रजीत उतरताना त्याला छप्पर बसते.

नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर गांधींनी दहा दिवसांत गुजरातीत ‘हिंद स्वराज’ लिहून काढले. वाचक आणि अधिपती, म्हणजे संपादक, यांच्या संवादाच्या रूपात ते आहे. इंग्रज जावेत पण इंग्रजी राज्यपद्धती राहावी अशी इच्छा करणाऱ्यांना स्वराज्य कळलेलेच नाही, असा त्यातला मुख्य मुद्दा आहे. पार्लमेंट, रेल्वे, वकील, डॉक्टर यांच्यावर टीका करून गांधी स्वराज्याचा अर्थ माणसाने आपल्या मनावर राज्य करणे इथपर्यंत नेतात. मुंबई सरकारने मार्च १९१० मध्ये गुजराती पुस्तकावर बंदी घातली, तेव्हा गांधींनी स्वतःच इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘इंडियन होमरूल’. आयर्लंडच्या कायदेमंडळाच्या मागणीचे नाव त्यांनी कायदेमंडळाची निंदा करणाऱ्या पुस्तकाला दिले. शीर्षकाचे भाषांतर पुस्तकाच्या विरोधात जावे, असे उदाहरण विरळाच. इंग्रज वाचकाला कळेल असा दुसरा शब्द त्या वेळी उपलब्ध नव्हता, हेही खरे. गुजराती मुळात ‘सिव्हिलायझेशन’साठी ‘सुधारो’ हा शब्द आहे आणि पुस्तकाचा सगळा रोख त्या सुधाऱ्यावर आहे. मराठी वाचकाला, ज्याने आगरकरांचा ‘सुधारक’ वाचला होता, तो रोख आणखीच बोचरा वाटला असता.

मंडालेहून १९१४ साली सुटून आलेल्या टिळकांनी नेमका हाच आयरिश शब्द जाणूनबुजून उचलला. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी इंडियन होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष काका बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. अ‍ॅनी बेझंट यांची निराळी लीग सप्टेंबरमध्ये मद्रासेत निघाली. होमरूल हा शब्द ग्लॅडस्टनने १८८६ आणि १८९३ मध्ये पार्लमेंटात आणलेल्या विधेयकांमुळे इंग्रजांच्या तोंडचा झाला होता आणि १९१४ साली आयर्लंडसाठी कायदाही मंजूर झाला होता, जरी युद्धामुळे तो स्थगित राहिला. जी गोष्ट पार्लमेंटाने स्वतः मान्य केली ती मागणे राजद्रोह कसा ठरेल? इंग्रजीत होमरूल आणि मराठीत स्वराज्य, अशी दुपदरी भाषा टिळकांनी वापरली. सरकारी भाषांतरकाराला पहिला शब्द निर्धोक वाटे आणि अहमदनगरच्या सभेतल्या श्रोत्याला दुसरा शब्द रायगडाची आठवण करून देई. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते. टिळकांच्या राजकीय कसबाचा याहून चांगला नमुना दाखवता येणार नाही.

बेळगाव आणि अहमदनगर इथल्या त्या उन्हाळ्यातल्या भाषणांत टिळकांनी शब्दाची फोड केली. सरकार या कल्पनेत त्यांनी वेदान्त्याच्या पद्धतीने दोन थर पाडले, एक सूक्ष्म आणि न बदलणारा, दुसरा डोळ्यांना दिसणारा, बदलता. बादशहा आणि त्याची सत्ता हा पहिला थर, कलेक्टर-मामलेदारांची नोकरशाही हा दुसरा. देव तोच ठेवायचा, पुजारी बदलायचे, हा त्यांचा दृष्टान्त मराठी श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नाही. सरकारने या भाषणांवरून टिळकांकडे वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले. त्याची नोटीस २३ जुलै १९१६ रोजी, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी बजावली गेली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने हुकूम केला, पण नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो रद्द ठरवला. टिळकांच्या बाजूने बॅ. जिना उभे होते. १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, अशी कायद्याची व्याख्या करून ज्युरीला दिशा दाखवली होती. १९१६ मध्ये न्यायालयाने ती व्याख्या उचलून धरली नाही आणि भाषणे समग्र वाचून त्यांचा एकंदर परिणाम पाहिला. स्वराज्याची मागणी आता कायद्याच्या चौकटीत बसली. टिळकांच्या नावावर असलेली जन्मसिद्ध हक्काची घोषणा याच काळात सर्वतोमुखी झाली.

सरकारनेही शब्दांची काळजी घेतली. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यूने पार्लमेंटात धोरण जाहीर केले तेव्हा ‘सेल्फ-गव्हर्न्मेंट’ टाळून कर्झनच्या सूचनेने ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्न्मेंट’ असा शब्दप्रयोग आला. मराठी पत्रांनी त्याचे ‘जबाबदार राज्यपद्धती’ केले. जबाबदार कोणाला, हा पुढचा सगळा वाद त्या विशेषणातून निघाला.

महाराष्ट्रात मात्र स्वराज्याला एक विरोध झाला जो इतर प्रांतांत तशा रूपात होणे शक्य नव्हते, कारण तो शब्दाच्या इथल्या जुन्या अर्थावरच बेतलेला होता. ब्राह्मणेतर चळवळीतल्या वक्त्यांना स्वराज्य म्हटले की शिवाजीबरोबर पेशवाईही आठवे. मागचे स्वराज्य शेवटी कोणाच्या हाती गेले होते, असा त्यांचा सवाल असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी स्वराज्याला सरळ नकार दिला नाही. मागासलेल्या जातींना कायदेमंडळात स्वतंत्र जागा मिळाल्या नाहीत तर स्वराज्य म्हणजे मूठभरांची सत्ता होईल, असे ते बजावत राहिले. छत्रपतींच्या वंशातल्या गादीवर बसलेल्या माणसाने स्वराज्याविषयी सावधगिरीचा इशारा द्यावा, ही गोष्ट टिळकपक्षाला अडचणीची होती. पुढे ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरच्या दलितवर्गीय परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अध्यक्ष म्हणून वेगळा निष्कर्ष काढला : दलितांच्या हाती राजकीय सत्ता येण्याचा संभव असेल तर तो स्वराज्याच्या राज्यघटनेतच आहे, परक्या सरकारकडून तो नाही. त्यांचा भर ‘स्वराज्य’वर नसून ‘राज्यघटने’वर होता, आणि घटनेत काय लिहिले जाईल ते आधी ठरवा, ही त्यांची अट होती.

काँग्रेसने मात्र काही ठरवायचे नाही असे ठरवले. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात तिने आपल्या घटनेचे पहिले कलम बदलले. १९०८ पासून तिथे स्वयंशासित वसाहतींसारखी राज्यपद्धती हे ध्येय होते. आता हिंदी लोकांनी कायदेशीर आणि शांततेच्या मार्गांनी ‘स्वराज्य’ मिळवणे हे ध्येय झाले. इंग्रजी मजकुरात हा शब्द भाषांतर न करता रोमन लिपीत तसाच ठेवलेला होता. चौदा वर्षांपूर्वी दादाभाईंनी ‘किंवा’ घालून त्याचे इंग्रजी दिले होते. आता ‘किंवा’च गेला. शक्य झाल्यास साम्राज्यात आणि गरज पडल्यास साम्राज्याबाहेर, असे गांधी समजावत. नेमकी व्याख्या नाही, हा जिनांचा एक आक्षेप होता आणि तर्काच्या दृष्टीने तो बिनचूक होता. पण ज्या संघटनेत वकील, मौलवी, शेतकरी, गिरणीवाले आणि संन्यासी एकत्र यायचे होते, तिला इंग्रजी शब्द निवडणे परवडणारे नव्हते. डोमिनियन म्हटले की एक गट जाई, इंडिपेंडन्स म्हटले की दुसरा. भाषांतर न करणे हाच तिथे समझोता होता.

व्याख्येचा आग्रह एकदा जाहीरपणे धरला गेला. १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात मौलाना हसरत मोहानी यांनी स्वराज्याचा अर्थ परकीय नियंत्रणापासून संपूर्ण मुक्तता असा घटनेतच लिहावा अशी सूचना मांडली. गांधींनी तिला कडाडून विरोध केला आणि ती पडली. मोहानी उर्दूचे कवी. ‘आझादी-ए-कामिल’ ही त्यांची भाषा होती. आझादीला उर्दूत वसाहतीच्या दर्जाची पळवाट नाही. पुढे देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरू यांनी १ जानेवारी १९२३ रोजी स्थापन केलेल्या पक्षाने हाच शब्द नावात घेतला आणि स्वराज्य पक्ष कौन्सिलांत शिरला. तेव्हा स्वराज्यवादी म्हणजे कौन्सिलप्रवेशवादी असा एक तात्पुरता, काहीसा खुजा अर्थही त्याला चिकटला. गांधींचे अनुयायी ‘नाफेरवादी’ आणि दासांचे ‘फेरवादी’, असे मराठी वर्तमानपत्रे लिहीत.

१९२८ च्या नेहरू अहवालाने वसाहतीचे स्वराज्य मागितले. जवाहरलाल आणि सुभाषबाबू यांना ते पुरेसे वाटले नाही, म्हणून कलकत्त्याच्या अधिवेशनात सरकारला वर्षाची मुदत देण्यात आली. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने ठराव केला की घटनेच्या पहिल्या कलमातल्या स्वराज्य या शब्दाचा अर्थ यापुढे संपूर्ण स्वातंत्र्य असा समजावा. ठरावाने शब्द बदलला नाही, अर्थ नेमून दिला. कोशकाराचे काम राजकीय पक्षाने करावे अशी ही घटना आहे. त्यासाठी ‘पूर्ण’ हे विशेषण लावावे लागले आणि ‘पूर्ण स्वराज्य’ तयार झाले. नुसत्या शब्दावर विश्वास उरलेला नव्हता याची ती कबुलीच. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर प्रतिज्ञा वाचली गेली. गांधींना तरीही ‘इंडिपेंडन्स’पेक्षा स्वराज्यच पसंत होते. १९३१ साली ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिले की हा वैदिक, पवित्र शब्द असून त्यात स्वतःवरचा संयम येतो, उलट इंडिपेंडन्समध्ये पुष्कळदा सगळ्या बंधनांतून सुटका एवढेच अभिप्रेत असते. मराठी कानाला हे विवेचन थोडे अपुरे वाटते, कारण मराठीत वैदिक ऋषी आणि गांधी यांच्या मधे सातारचे दफ्तर आहे.

१९४७ नंतर शब्द मागे पडला. पार्लमेंटाने केलेला कायदा ‘इंडियन इंडिपेंडन्स अ‍ॅक्ट’ होता. मराठीत १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्य दिन झाला, स्वराज्य दिन झाला नाही. लढा स्वातंत्र्यलढा आणि त्यातले लोक स्वातंत्र्यसैनिक. राज्यघटनेच्या ४० व्या अनुच्छेदात ग्रामपंचायतींचा उल्लेख आहे, तिथे हिंदी पाठात ‘स्वायत्त शासन’ आहे. महाराष्ट्रात मात्र रिपनच्या काळचा शब्द सरकारी कागदावर टिकून राहिला. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका, महानगरपालिका यांना ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हे एकच नाव राहिले. आज मराठी माणूस स्वराज्य हा शब्द वर्तमानपत्रात सर्वांत जास्त वाचतो तो निवडणूक, आरक्षण आणि थकीत अनुदान यांच्या बातम्यांत. दुसऱ्या क्रमांकावर शिवचरित्राच्या संदर्भात. पहिल्या अर्थाने तो उच्चारताना दुसरा अर्थ सहसा कोणाच्या मनात येत नाही.

त्याला नव्या भाषेत नेण्याचा एक प्रयत्न गडचिरोली जिल्ह्यात झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने १९८० च्या दशकापासून ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली आणि ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावी आमचेच राज्य, हे आपले ब्रीद केले; दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, गावात आम्हीच सरकार, असा त्याचा विस्तार. यात ‘स्व’ची जागा ‘मावा’ने घेतली. गोंडीतला हा शब्द बहुवचनी आहे, एकट्याचा नव्हे, आणि ‘राज’ला ‘नाटे’ म्हणजे गाव ही हद्द आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार दिले, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलातल्या बांबूची विक्री पुढे ग्रामसभाच करू लागली.